खिडकी घ्या, पण आधी विमानाचं तोंड कोणीकडे ते पाहा

खिडकीची सीट घेतली म्हणजे खाली काही दिसेलच असं नाही, हे मला वरचे पैसे मोजून कळलं. आमचं वर्धा जिल्ह्यात आर्वीकडे कृषी केंद्र आहे. बियाण्याच्या एका कंपनीचं टार्गेट पूर्ण झालं म्हणून आम्हा दहा-बारा डीलर लोकांची टूर निघाली, नागपूरवरून मुंबई आणि तिथून पुढे, बहुतेकांचं पहिलंच विमान. मी हुशारी केली, आदल्या दिवशी मोबाईलवरून वेगळे पैसे भरून खिडकी घेतली, १४ नंबरची रांग, आणि सगळ्यांना सांगत फिरलो की आपण खिडकीत बसून राहिलो भाऊ. बसल्यावर पाहतो तर बाहेर पंख. नुसता पंख. आमच्या आईनं त्यावर वर्षभराचे पापड वाळू घातले असते एवढा मोठा. मुंबई आली तरी पंखच. आणि पलीकडच्या बाजूला, जरा मागे, कारंज्याचा एक डीलर फुकटात मिळालेल्या सीटवर बसलेला, तो ओरडून सांगून राहिला, ‘अबे खाली तलाव हाय, डोंगर हाय, बिल्डिंगा पाय ना!’ मी आपले पंखावरचे खिळे मोजले.

तेव्हापासून हा विषय मी धरून ठेवला. धाकटा भाऊ डोंबिवलीला असतो, पोरगी पुण्याला शिकते, त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा जाणं-येणं होतं, आणि आता गावातलं कोणी पहिल्यांदा विमानात बसणार असलं की दुकानात येऊन मलाच विचारतात की सीट कोणती घेऊ. तेच सगळं इथे एकदा लिहून टाकतो, म्हणजे युरियाच्या गर्दीत सांगत बसायचं काम नाही.

पहिली गोष्ट, पाहायचं ते उतरताना. वर दहा किलोमीटरवर गेल्यावर खाली नुसता नकाशा असतो, नदी म्हणजे दोरा आणि गाव म्हणजे सांडलेली रांगोळी, आणि अर्धा वेळ तर ढगच. विमान साधारण पंचवीस-तीस मिनिटं आधीपासून खाली यायला लागते आणि शेवटी तीन अंशाच्या उतारानं धावपट्टीकडे येते. सोपा हिशोब सांगतो, धावपट्टी दहा किलोमीटर राहिली की उंची पाचशे मीटरच्या आसपास. पाचशे मीटरवरून घरावरच्या टाक्या दिसतात, रस्त्यावरचा ट्रक दिसतो, वावरातली ओळ न् ओळ दिसते. तेव्हा विमानाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या जवळ असतो, म्हणजे हे शेवटचे दहा किलोमीटर दोन-अडीच मिनिटांत संपतात. उड्डाणाच्या वेळी विमान तडक वर जाते, तेव्हा एवढं निवांत दिसत नाही. म्हणून सीट निवडायची ती त्या शेवटच्या दहा मिनिटांसाठी, बाकीचा वेळ झोपा काढा नाहीतर शेंगदाणे खा.

आता डावं-उजवं. विमानाच्या नाकाकडे तोंड करून बसल्यावर डाव्या हाताची खिडकी म्हणजे ए. मोठ्या विमानात तीन-तीन सीटा असतात, तिथे उजवी खिडकी एफ. हे सगळ्यांना माहीत असतं तरी चुकतात, काहून की आपण चढतो पुढच्या दारातून आणि चालत जातो शेपटीकडे, तेव्हा ए आपल्या उजव्या हाताला येते. मोबाईलवर सीट निवडताना पण तेच, नकाशात विमानाचं नाक वर आहे की आडवं ते आधी पाहून घ्या. आमच्या एका मामाजींनी नकाशा उलटा धरून सीट घेतली आणि नंतर दोष दिला मला.

मग रांग. एअरबस ए-३२० नावाचं जे विमान आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसते, त्यात साधारण ९-१० पासून १९-२० पर्यंतच्या रांगांत खाली पाहिलं की पंख येतो. ए-३२१ लांब असते, त्यात हा पट्टा मागे सरकतो, म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा सीटच्या नकाशात इमर्जन्सी एक्झिटच्या रांगा कुठे आहेत ते शोधा. त्या बहुतेक पंखावरच असतात (ए-३२१ मध्ये जरा पुढे-मागेही असतात), तिथून पाच-सहा रांगा पुढे किंवा सात-आठ रांगा मागे सरका. एक्झिटच्या रांगेत पाय पसरायला जागा मोठी म्हणून लोक तुटून पडतात, पण म्हातारी माणसं, पोट्टे, गरोदर बाई यांना तिथे बसूच देत नाहीत, आणि दृश्य म्हणाल तर पंख. पंखाच्या पुढची जागा सगळ्यात चांगली, समोरचं येणारं पण दिसते, फक्त तिचे पैसे जास्त. मागची स्वस्त पडते, पण पंखाच्या लगेच मागे इंजिनाची गरम हवा जाते, तिच्यातून पाहिलं की सगळं उन्हाळ्यातल्या मृगजळासारखं हलते, फोटो तर पारच धूसर. म्हणून मागे जायचंच तर चांगलं मागे जा, २५ च्या पुढे. मी स्वतः २६-२७ घेतो. उतरायला उशीर लागतो, लागू द्या, नाहीतरी पट्ट्यावर बॅगेसाठी उभंच राहायचं असते.

अजून एक फसवणूक. सीट आणि खिडकी एका रेषेत असतेच असं नाही. सीटा कंपनी आपल्या हिशोबानं बसवते, खिडक्या विमान बनवतानाच्या. कधी खिडकी खांद्याच्या मागे राहते, मग मान मोडून पाहा. बोइंग ७३७ मध्ये पंखाच्या जरा पुढे एखाद्या ठिकाणी खिडकीच नसते, तिथून एसीचा पाइप भिंतीतून वर जातो, आणि नकाशात मात्र ती सीट खिडकी म्हणूनच दिसते. पैसे भरून भिंत घेणारे लोक मी डोळ्यानं पाहिले आहेत. बसल्याबरोबर समजलं आणि बाजूची रांग रिकामी दिसली तर एअर होस्टेसला नीट विचारा, दरवाजे बंद झाल्यावर बहुतेक वेळा हो म्हणतात.

आणि हे सगळं एटीआरला लागू नाही. एटीआर म्हणजे ते पंख्याचं विमान, सत्तरेक सीटांचं, दोन-दोनच्या रांगा. त्याचा पंख छपरावर असतो, खिडकीच्या वर, त्यामुळे खाली काही आडवं येत नाही. अमरावतीच्या बेलोऱ्यावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं ते हेच. एसटीसारखं घरघरते म्हणून लोक नावं ठेवतात, पण खाली पाहायचं असेल तर मला विचाराल तर मोठ्या विमानापेक्षा हेच बरं, एक तर ते पाच-सहा किलोमीटर उंचीवरूनच जाते त्यामुळे पूर्ण रस्ताभर दिसते. फक्त पंख्याच्या अगदी बाजूची रांग सोडा, तिथे आवाज फार. मधल्या-मागच्या खिडकीतून उतरायच्या आधी चाक बाहेर येताना पण दिसते, पोट्ट्यांना लय मजा येते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, तो म्हणजे विमान उतरताना तोंड कोणीकडे असेल. हे कळलं की डावं-उजवं आपोआप ठरते. वावरात धुऱ्यावर उभं राहून उगवतीकडे तोंड केलं की डावीकडे उत्तर, उजवीकडे दक्षिण, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही सांगावं लागत नाही. विमानाला तेच लावायचं.

प्रत्येक धावपट्टीला नंबर असतो आणि तो नंबर म्हणजे होकायंत्राचे अंश, फक्त शेवटचं शून्य काढून टाकलेलं. २७ नंबर म्हणजे २७० अंश, म्हणजे विमानाचं नाक मावळतीकडे. तीच पट्टी दुसऱ्या टोकाकडून वापरली की ०९, नाक उगवतीकडे. मुंबईची मोठी पट्टी ०९/२७. आपल्या नागपूरची १४/३२, म्हणजे तिरपी, एकीकडून आलं तर नाक आग्नेयेकडे, दुसरीकडून आलं तर वायव्येकडे. एवढ्या दोन आकड्यांवरून सगळा खेळ आहे.

दोन टोकांपैकी कोणतं, ते वारा ठरवतो. विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरते, तेवढाच वेग कमी करायला मदत. बगळा वावरात उतरताना पाहा, तोही वाऱ्याकडे तोंड करतो आणि पाय सोडतो, पाठीमागून वारा घेऊन उतरणारा बगळा मी तर पाहिला नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा-नैऋत्येचा असतो, हिवाळ्यात उत्तरेचा-ईशान्येचा, त्यावरून मोघम अंदाज येतो. वारा अगदीच नसला तर कंट्रोल टॉवर आपल्या सोयीनं ठरवतो.

पण अंदाजात कशाला राहायचं, मोबाईल आहे ना. फ्लाइटरडार२४ नावाचं ॲप घ्या, फुकटचं चालते. त्यात तुमच्या विमानाचा नंबर टाका, तिकिटावर असतो तो, की काल-परवा तेच विमान कोणत्या रस्त्यानं आलं आणि कुठून वळून उतरलं त्याची रेघ दिसते. मी चार दिवसांच्या रेघा पाहतो. चारही एकाच बाजूनं उतरल्या असतील आणि हवामानात काही बदल नसेल तर पाचवं पण तिकडूनच. ज्या दिवशी निघायचं त्या दिवशी चेक-इनच्या आधी सकाळी उतरलेली दोन-तीन विमानं पाहून घेतली तर अजून पक्कं. रेघेवर बोट ठेवून आपण स्वतः विमान आहोत असं समजायचं, मोबाईल फिरवून नाक वर करायचं, मग डाव्या हाताला जे येते ते ए ला दिसणार. दुकानातल्या पोऱ्याला मी हे एकदा शिकवलं, आता तो गिऱ्हाइकाला फवारणीचं प्रमाण सांगता सांगता हे पण सांगतो.

रेघेत वळण कोणीकडे आहे तेही पाहा. विमान ज्या बाजूला वळते त्या बाजूचा पंख खाली झुकतो आणि त्या खिडकीत जमीन उभी राहिल्यासारखी येते. दुसऱ्या बाजूवाल्याला तेव्हा नुसतं आभाळ.

आता नागपूर. मुंबईवरून नागपूरला येताना मी डोळे झाकून ए घेतो आणि त्याला कारण आहे. सरळ रेषा ओढली तर ते विमान पुलगाव आणि आर्वीच्या मधून वर्धा नदी ओलांडते, तोपर्यंत खाली यायला सुरुवात झालेली असते, आणि डावीकडे निम्न वर्धाच्या धरणाचं पाणी, आर्वी, मागे सातपुड्याची निळी रेघ. समृद्धी महामार्ग पण असा दिसतो की कोणी पट्टी ठेवून आखला असेल, ७०१ किलोमीटरचा रस्ता आहे तो, जून २०२५ पासून पूर्ण सुरू, वरून पाहिल्यावर कळते की किती वावरांचे दोन तुकडे झाले. पुढे बोरचं जंगल आणि धरण. मग ३२ वर उतरायचं असेल तर विमान बुटीबोरीकडून वळसा घालून येते आणि वळण डावीकडे असते, म्हणजे ए ला जमीन. सरळ झालं की डावीकडे जामठ्याचं स्टेडियम आणि मिहान, उजवीकडे नागपूर शहर. १४ वर उतरायचं असेल तर वाडीकडून येते, तेव्हा डावीकडे फुटाळा, अंबाझरी, सेमिनरी हिल्सची झाडी आणि शहर, उजवीकडे हिंगण्याची एमआयडीसी. म्हणजे १४ असेल तर ए घेणारा एकदम राजा. ३२ असेल आणि तुम्हाला शहरच पाहायचं असेल, रात्रीचे दिवे वगैरे, तर एफ.

दिल्लीवरून येत असाल तर विमान उत्तरेकडून येते, आणि पेंच-तोतलाडोहचं पाणी ए कडे पडते.

बाबांना घेऊन आलो तेव्हाचं सांगतो. ऑक्टोबर होता, पाऊस सरून आठ-दहा दिवस झाले होते, हवा अशी धुतल्यासारखी. बाबांना ए दिली, मी मधात बसलो. पंचाहत्तरीचा माणूस, मुंबई सोडली तेव्हापासून पट्टा घट्ट धरून बसलेला, बोलेचना. धरणाचं पाणी आलं आणि त्यांनी कपाळ काचेला लावलं. निम्न वर्धाच्या बुडीत क्षेत्रात आमचं नदीकाठचं चार एकर गेलं आहे. ते काही म्हणले नाहीत, बोटानं काचेवर नदीचं जुनं वळण काढत गेले, काचेवर वाफ धरली होती त्यात रेघ उमटली, मग एका जागी बोट थांबवून विचारलं, ‘थे चिंचेचं झाड होतं, थे इथं आलं असन का?’ मी म्हणलं असेल. पाण्याचा रंग कडेला मातकट आणि मधात हिरवा होता, आणि त्यांचं बोट मधातल्या हिरव्यावर होतं. मिनिटभरात सगळं मागे गेलं. नंतर नागपूर येईपर्यंत ते खाली पाहून पिकाचे शेरे मारत होते, या वावरात पाणी साचलं आहे, इथे पऱ्हाटी उभळली, ही संत्र्याची बाग कोणीतरी नुकतीच लावली आहे, ओळी पाय किती सरळ आहेत. उतरायच्या आधीची दहा मिनिटं म्हणतो ती ही.

मुंबईचं उलटं आहे. वर्षातले जास्त दिवस विमानं २७ वर उतरतात, म्हणजे कल्याण-ठाण्याच्या अंगानं येऊन, नवी मुंबईच्या कोपरखैरण्यावरून ठाण्याची खाडी ओलांडून, नाक मावळतीकडे. उजवीकडे उत्तर, म्हणून पवईचा तलाव, त्याच्या मागे विहार तलाव आणि नॅशनल पार्कचे हिरवे डोंगर हे एफ ला. कारंज्यावाल्याला त्या दिवशी हेच दिसलं होतं, आणि त्यानं काही न करता. डावीकडे वाशीचा पूल, खाडी, चेंबूरकडच्या कारखान्यांची धुराडी. खाडीत हिवाळ्यापासून मे पर्यंत फ्लेमिंगो येतात, नशीब असलं तर दलदलीवर गुलाबी डाग दिसतो. एकदम शेवटी दोन्हीकडे घाटकोपर-साकीनाक्याची टेकडीवर चढलेली घरं इतक्या जवळ येतात की गच्चीवरचे कपडे मोजता येतील, पहिल्यांदा बसणारा माणूस तिथे घाबरतोच, माझ्या बाजूच्या बाईनं ‘अगंबाई घरावरच उतरून राहिलं का’ म्हणलं होतं. वारा फिरला आणि ०९ घेतली तर विमान समुद्रावरून जुहूकडून येते, तेव्हा दूर दक्षिणेला वांद्रे-वरळीचा पूल एफ लाच. म्हणजे नागपूर-मुंबईला एफ घेऊन ठेवली तर सहसा पस्तावा होत नाही.

हे सगळं जुन्या विमानतळाचं झालं. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ पण चालू झाला आहे, तिकिटावर बीओएम (जुना) आहे की एनएमआय (नवा) ते पाहून घ्या. दृश्यासाठी तर पाहाच पण आधी यासाठी पाहा की भाऊ घ्यायला जुन्या विमानतळावर सहारला उभा आणि तुम्ही पनवेलजवळ असं नको व्हायला.

मधात एक लोणारची गोष्ट सांगतो, उतरण्याची नाही पण विदर्भातल्या माणसानं सोडायची पण नाही. नागपूर ते पुणे सरळ रेषा ओढली तर लोणारचं सरोवर त्या रेषेच्या उत्तरेला दहा-पंधरा किलोमीटरवर पडते, बरोबर अर्ध्या रस्त्यात. म्हणजे पुण्याला जाताना एफ. आणि नागपूर-मुंबईची रेषा लोणारच्या उत्तरेकडून जाते, तीसेक किलोमीटरवरून, म्हणजे मुंबईला जाताना तेच लोणार ए ला. येताना दोन्हीचं उलटं करा. मी हे कागदावर मांडून पाहिलं तेव्हा मलाच मजा वाटली. पावणेदोन-एक किलोमीटरचं गोल विवर आहे, उल्का पडून झालेलं, काळ्या बसाल्ट खडकात असं दुसरीकडे सहज सापडत नाही, २०२० च्या जून महिन्यात त्याचं पाणी गुलाबी झालं होतं तेव्हा सगळीकडे फोटो फिरले. वरून ते रुपयाच्या नाण्यासारखं दिसते, भोवती गर्द झाडी आणि बाकी सगळीकडे चौकोनी वावरं, म्हणून गोल आकार लगेच डोळ्यात भरतो. विमान दरवेळी सरळ रेषेत जाते असं नाही, ॲपमधली रेघ पाहून ठरवा, आणि पुण्याच्या विमानात उडाल्यापासून अर्धा तास झाला की झोपायचं नाही. मला चार खेपांत दोनदा दिसलं, बाकी दोनदा ढग.

त्यावरून ऋतू आणि वेळ. आपल्याकडे सगळ्यात चांगला काळ सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर. धरणं भरलेली, पिकं उभी, हवा स्वच्छ. भंडारा-गोंदियाकडे जाणं झालं, गोंदियाच्या बिरसी विमानतळावर उतरायचा योग आला तर या दिवसांत जा, मामा तलाव (म्हणजे जुने मालगुजारी तलाव) आणि धानाच्या बांध्या, पूर्ण जमीन आरशाचे तुकडे मांडल्यासारखी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं, विमान पण लेट. फेब्रुवारी-मार्चमध्ये जंगलावर पळस पेटलेला असतो, खाली आल्यावर केशरी ठिपके दिसतात. एप्रिल-मे मध्ये धूळ, सगळं भुरकट, आणि दुपारी तापलेल्या जमिनीवरून विमान असं हेंदकाळते की माणूस खिडकी सोडून देवाचं नाव घेते. जुलै-ऑगस्ट ढगांचा, पण मुंबईला उतरताना ढग फाटून सह्याद्री दिसला तर घाटावरून पडणारं पाणी दिसते, तो जुगार आहे, खेळायचा तर खेळा.

उन्हाची बाजू टाळा. वर्षाचा बराच भाग सूर्य आपल्या दक्षिणेकडून जातो, फक्त मे अखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत डोक्यावरून जरा उत्तरेला सरकतो. म्हणून पूर्व-पश्चिम प्रवासात उत्तरेकडची खिडकी सावलीची. मुंबईला जाताना एफ, येताना ए. डोळे दिपत नाहीत, फोटोवर काचेचे ओरखडे येत नाहीत. संध्याकाळी हिवाळ्यात मावळता सूर्यच पाहायचा असेल तर मग जाताना ए घ्या, ती गोष्ट वेगळी. हैदराबादला जाणाऱ्यांनी सकाळी ए घेतली तर ऊन तोंडावर येते, पण चंद्रपूरचं वीज केंद्र तिकडेच, २९२० मेगावॅटचं, धूर लांबून दिसतो. मी तरी त्यासाठी ऊन सोसणार नाही.

रात्रीचं उतरणं पण वाया जात नाही. उतरताना आतले दिवे मंद करतात आणि खिडक्यांचे पडदे वर करायला लावतात, ते काही आपल्या हौसेसाठी नाही, काही झालं तर डोळ्यांना अंधाराची सवय असावी आणि बाहेरचं दिसावं म्हणून. पण त्याचा आपल्याला फायदा.

हिमालयाकडे जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. दिल्लीवरून बागडोगरा किंवा गुवाहाटीला जाताना ए, उत्तरेकडे पूर्ण बर्फाची भिंत, येताना एफ. श्रीनगरला जाताना एफ. लेहला दोन्हीकडे डोंगरच डोंगर, ३२५६ मीटर उंचीवरचा विमानतळ, दुपारनंतर वारा माजतो म्हणून विमानं बहुतेक सकाळची असतात. तिथे बाजूवरून भांडू नका, फक्त पंख सोडून बसा.

मात्र लेह, श्रीनगर, आपलं पुण्याचं लोहगाव, गोव्याचं दाबोळी हे सैन्याचे विमानतळ आहेत. तिथे उतरताना-चढताना फोटो-व्हिडिओ काढायची मनाई असते, तशी घोषणाही करतात. मे २०२५ मध्ये तर पश्चिम सीमेजवळच्या अशा विमानतळांवर पडदे खालीच ठेवायचा आदेश निघाला होता. तिथे जायचं असेल तर खिडकीला जास्तीचे पैसे भरायच्या आधी हा विचार करा. कर्मचारी म्हणले बंद करा की बंद करा, वाद घालून काही मिळत नाही.

सीट फुकटात कशी मिळवायची हे सगळे विचारतात. वेब चेक-इन बहुतेक ठिकाणी ४८ तास आधी उघडते, तेव्हा लगेच बसा, पण फुकटात बहुतेक मधलीच देतात. खिडकीचे पैसे मागच्या रांगांत कमी असतात, तेवढे भरा. ज्यांना जमत नाही त्यांनी विमानतळावर लवकर जाऊन काउंटरवर गोडीनं विचारावं, घरचं म्हातारं माणूस पहिल्यांदा चाललं आहे म्हणावं. एकदा मिळाली, एकदा नाही मिळाली. आणि कोणी खिडकीत बसून पूर्ण वेळ पडदा पाडून झोपून राहिला असेल तर खाली यायला लागल्यावर त्याला सरळ म्हणा, दादा जरा अदलाबदल करता का. दहातले पाच-सहा करतात.

फोटोचं फार सांगत नाही. मोबाईल काचेला जवळ धरा पण टेकवू नका, कंपनानं हलते. फ्लॅश बंद. पांढरा शर्ट घातला तर काचेत आपणच दिसतो, म्हणून गडद घाला. आणि रुमालानं काच आधीच पुसा, आधीच्या माणसाच्या डोक्याचं तेल असतेच.

येत्या दिवाळीत पोरीकडे पुण्याला जायचं चाललं आहे. बाबांनी आत्ताच सांगून ठेवलं, ‘मले यफ काढजो, लोणार पाह्यचं हाय.’ आईचं पहिलंच विमान, तिला विचारलं तर तिला खिडकी नको, रस्त्याकडची पाहिजे, बाथरूमला जायला बरी. मधली मग माझीच.